आवसेचा चांद

ही गोष्ट खरी आहे.

तुम्हाला पटो, न पटो. मला ती माझ्या आईनं सांगितली, आणि आईला बनवून सांगायची सवय नाही. उलट ही एवढी गोष्ट तोंडातून काढायला तिनं तीस-पस्तीस वर्षं घेतली.

साल १९७३. वैशाख महिना. बाहत्तरचा दुष्काळ सरायचं नाव घेत नव्हता.

गाव तुळजापूर तालुक्यातलं. अणदूरहून जळकोटकडं जाताना आत एक गाडीवाट फुटते, त्या वाटेवरचं. नाव सांगत नाही. आमचे भाऊबंद अजून तिथं राहतात.

आईचं नाव सखूबाई. मी तेव्हा तिच्या पोटात होतो. सातवा महिना. गोष्ट तिची आहे, म्हणून इथं तिला नावानंच म्हणतो.

घर धनगराचं. दोन भाऊ. थोरला गोरोबा, त्याची बायको हरणाबाई. त्यांना मूलबाळ नव्हतं. धाकटा धुळाप्पा, म्हणजे सखूबाईचा नवरा. माझा बाप. भावाभावांत एवढी माया, की एकाच्या पायात काटा मोडला तर दुसरा लंगडायचा, असं लोक म्हणायचे.

घरात बेचाळीस मेंढरं होती. माघात गावच्या शिवारात गवताची काडी उरली नाही, तेव्हा दोघं भाऊ कळप घेऊन कर्नाटकाच्या अंगाला निघून गेले.

चैत्र सरता सरता धुळाप्पा परत आला.

एकटाच.

मागं अकरा मेंढरं.

हरणाबाई अंगणात उभी होती. तिनं वाटेकडं लांबवर बघितलं. वाट मोकळी होती.

"भावजी, आन ते कुठंयत?"

धुळाप्पानं खाली बघूनच सांगितलं, "अक्कलकोटाच्या पल्याड एका सोसायटीनं चारा छावनी काढलीया. बाकीची मेंढरं घेऊन तिथं गडी म्हनून ऱ्हायला दादा. पाऊस पडला की येतो म्हनला."

दुसऱ्या दिवशी हरणाबाईनं कपाळावर कुंकू जरा ठळकच लावलं.

दोघी जावा पाझर तलावाच्या कामावर खडी फोडायला जायच्या. धुळाप्पा मात्र कामावर आला नाही. मेंढरं राखतो म्हणाला आणि घरीच बसून राहिला. कुणाच्या नजरेला नजर देईना.

गावात पाणी असं नव्हतंच. दीड कोसावर एका विहिरीला बारीक झरा होता. तांबडं फुटायच्या आत दोघी जावा दोन-दोन खेपा करायच्या आणि आणलेलं पाणी दारातल्या रांजणात ओतायच्या. रांजण गळ्यापर्यंत भरायचा. माणसं आणि मेंढरं, सगळ्यांनी त्यावर दुसरी पहाट गाठायची.

आखितीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या दिवशी सुरुवात झाली.

संध्याकाळी सखूबाई कामावरून आली. तहानेनं जीव चाललेला. रांजणावरचं झाकण काढलं...

रांजण रिकामा.

बुडाशी ओलसुद्धा नव्हती. नुकताच कुंभाराच्या आव्यातून काढल्यासारखा कोरडा.

"अवं, पानी कोन प्यालं?"

"म्या न्हाय," धुळाप्पा ओट्यावरून म्हणाला. त्याचे ओठ फुटले होते. तो खोटं बोलत नव्हता, हे तिला ओठांवरूनच कळलं.

मावळतीला नखाएवढा चांद खाली उतरत होता. तिनं तिकडं लक्ष दिलं नाही.

दुसऱ्या दिवशी तेच झालं. तिसऱ्या दिवशीही तेच.

तिनं झाकणावर धोंडा ठेवला. संध्याकाळी धोंडा जागच्या जागी, आणि पाणी नाही. शेजारपाजारच्यांवर आळ घेऊन झाला. मग तिला हरणाबाईचा संशय आला. हरणाबाईला तिचा आला. दोन दिवस दोघी जावा एकमेकींशी बोलल्या नाहीत.

अष्टमीला सखूबाईच्या कमरेत कळ आली. मुकादमानं तिला दुपारीच घरी धाडलं.

घरात शिरता शिरता तिनं सवयीनं झाकण उचललं.

रांजण भरलेला होता.

गळ्यापर्यंत. सकाळी ओतलेला तसाच.

धुळाप्पा घरामागं मेंढरांपाशी होता. दुसरं कुणी नव्हतं. सखूबाई उंबऱ्यात बसली. ठरवलं, आज चोर धरायचाच.

ऊन नुसतं रटरटत होतं. गावातलं कुत्रंसुद्धा भुंकत नव्हतं. उगवतीला, त्या उन्हात, ताक सांडल्यागत फिकट अर्धा चांद माळाच्या वर निघत होता.

आणि वाघुरीत, मेंढरांच्या जाळीच्या कुंपणात... रवंथ थांबला.

बसलेली अकरा मेंढरं एकदम उभी राहिली. अकराच्या अकरा तोंडं घराच्या दाराकडं.

मग तिच्या पाठीमागून आवाज आला.

गट...

गट...

गट...

कुणीतरी पाणी पीत होतं. घाईघाईनं. घशात अडकेल असं.

ती वळली. रांजणाजवळ कुणी नव्हतं. झाकण जिथल्या तिथं होतं.

तिनं झाकण काढलं. पाणी वीतभर खाली गेलं होतं. वर एक तरंग नव्हता. आणि तिच्या डोळ्यांदेखत ते आणखी खाली जात होतं.

सखूबाईनं पोटावर पदर घेतला आणि ती बाहेर पळाली.

त्या दिवशी ती कुणाशी काही बोलली नाही. सांगणार तरी कुणाला? पण एक गोष्ट तिच्या डोक्यात बसली होती. पाणी सकाळी गेलं नव्हतं. चांद वर आला, तेव्हा गेलं होतं.

तलावाच्या कामावर हजेरी घ्यायला पिराजी नावाचा कारकून होता. बौद्ध वस्तीतला, मॅट्रिक झालेला, शांत माणूस. त्याच्या तंबूत तिथ्यांचं कॅलेंडर टांगलेलं असायचं. दुसऱ्या दिवशी सखूबाईनं त्याला विचारलं.

"पिराजीदादा, चांद रोज येकाच टायमाला उगवत न्हाय का?"

"न्हाय, सखूबाई. रोज पाऊन तास, तासभर उशिरा. अष्टमीला दुपारी उगवतो, पुनवंला दिवस मावळताना. मग रातीचा, मग पहाटंचा." पिराजी हसला. "का वं? बाळंतपनाचे दिस मोजताय व्हय?"

"व्हय," ती म्हणाली.

पुढचे चार-पाच दिवस तिनं दुसरं काहीच केलं नाही. नुसती नजर ठेवली. कामावरून आली की आधी रांजण बघायची, मग आभाळ. नवमीला संध्याकाळी तळाशी तांब्याभर पाणी उरलं होतं. एकादशीला अर्धा रांजण. त्रयोदशीला त्याहून जास्त. चांद जेवढा उशिरा, तेवढं पाणी उशिरा जात होतं.

मग पुनव आली.

बुद्धपौर्णिमा. पिराजीची सुट्टी होती, काम बंद होतं. बौद्ध वस्तीत सकाळपासून लगबग होती. संध्याकाळी तिकडून वंदनेचे सूर येऊ लागले. हरणाबाई शेजारी दळायला गेली होती.

रांजण दिवसभर भरलेला राहिला. बारा-तेरा दिवसांत पहिल्यांदाच.

धुळाप्पा रांजणासमोर भिंतीला टेकून बसला होता. त्याला दरदरून घाम सुटला होता. सखूबाई त्याच्याकडं बघत होती, तो रांजणाकडं.

मावळतीला सूर्य टेकला. उगवतीला तांबडा, परातीएवढा चांद वर आला.

मेंढरं उभी राहिली.

गट...

गट...

या वेळी बराच वेळ चाललं. मग थांबलं. आणि पाणी पिऊन झाल्यावर माणूस सोडतो तसा एक लांब श्वास ऐकू आला.

हाऽऽ...

धुळाप्पा तोंड दाबून बाहेर धावला आणि अंगणाच्या कोपऱ्यात भडभडा ओकला.

सखूबाईला कळलं. आवाज ऐकून तो दचकला नव्हता. त्यानं तो आवाज ओळखला होता.

"कोनंय त्यो?" तिनं विचारलं.

धुळाप्पा तोंड पुसत मेंढरांकडं निघून गेला.

दुसऱ्या संध्याकाळी तिनं मनाचा हिय्या केला. चांद उगवायच्या आधीच रांजणातलं सगळं पाणी काढलं. थोडं मेंढरांना पाजलं, बाकीचं घागरींत भरून शेजारच्या घरी ठेवलं. म्हटलं, पाणीच नसलं तर येईल कशाला?

दिवस मावळला. तासाभरानं चांद वर आला.

काही झालं नाही. ना आवाज, ना हालचाल.

सखूबाईनं हुश्श केलं. आणि तेवढ्यात शेजारी पडलेला धुळाप्पा ताडकन उठून बसला.

त्यानं दोन्ही हातांनी गळा धरला होता. तोंड उघडं. जीभ टाळूला चिकटलेली. डोळे बाहेर आलेले. छातीतून नुसती खरखर...

ती धावत जाऊन शेजारून घागर घेऊन आली. तांब्या त्याच्या तोंडाला लावला. पाणी आत जात होतं, पण त्याचा घसा हलत नव्हता. तो गिळत नव्हता. तरी पाणी जात होतं.

एक तांब्या. दोन. पाच.

आणि त्याच्या तोंडाजवळ, त्याचा नव्हे असा...

गट... गट... गट...

घागर संपली तेव्हा ते थांबलं. धुळाप्पाची जीभ मात्र कोरडीच होती.

त्या दिवसानंतर सखूबाई रांजण रिकामा ठेवेनाशी झाली. दोनच्या तीन खेपा केल्या. सातव्या महिन्याचं पोट घेऊन दीड कोस जायचं, दीड कोस यायचं. पायांना सूज आली. तरी ती जात राहिली.

पंचमीला दोघं चांदाची वाट बघत बसले. हरणाबाई आत झोपली होती. बाहेर गुडुप अंधार.

"आज म्हैना झाला," धुळाप्पा आपणहून म्हणाला.

"कशाला?"

तो हळूहळू बोलत गेला.

अक्कलकोट ओलांडून पुढं गेल्यावर गोरोबाला ऊन लागलं होतं. चालवेना. धुळाप्पानं त्याला एका बाभळीखाली घोंगडीवर निजवलं. जवळचं पाणी संपलेलं. दिवस मावळलेला.

"दादा म्हनला, धुळा, पानी आन. म्या म्हनलं, चांद वर यायच्या आत येतो. हितनं हलू नगंस."

"मग?"

"लई चाललो, सखू. येक मळा लागला. म्हाताऱ्यानं पानी दिलं. म्या पोटभर प्यालो, घागर भरून घेतली. दोन दिसांत पाठ टेकली न्हवती. म्हनलं, भिताडाला घटकाभर टेकतो..."

त्यानं रांजणाकडं पाठ फिरवली.

"म्या झोपलो."

सखूबाईनं उगवतीकडं बघितलं. अजून अंधारच होता.

"झोपंत हाक आली. धुळाऽऽ म्हनून. म्या ऐकली. ऐकून कूस बदलली, सखू. जागा झालो तवा चांद पार डोईवर आलता. पळत गेलो. घोंगडी तशीच व्हती. माणूस पडल्याची खूण व्हती तिच्यावर. दादा न्हवता."

"म्हंजी... गेले का हायत?"

"ठावं न्हाय. तीन दिस हुडकलं. काय सुदिक घावलं न्हाय."

उगवतीला उजेड फुटू लागला होता. चांद येत होता.

"हरनाअक्काला सांगू नगं," धुळाप्पा घाईनं म्हणाला. "ती कुकू पुसल. तिचे भाऊ मला जित्ता सोडनार न्हाईत."

सखूबाईनं सांगितलं नाही. तिथंच चुकलं, असं ती अजून म्हणते.

चांद रोज उशिरा येत राहिला. मध्यरात्रीवर गेला, मग पहाटेवर. सकाळी ती कामाला निघायची तेव्हा आभाळात पांढरी कोर असायची आणि घरातून तो आवाज येत असायचा. हरणाबाईला तो ऐकू येतो की नाही, हे कळायला मार्ग नव्हता. ती काही बोलायची नाही. तिच्या पायावर दगड पडून अंगठा फुटला होता, म्हणून ती दोन दिवस घरीच होती.

धुळाप्पा वाळून काटकी झाला होता. पण चतुर्दशीला त्याच्या तोंडावर जरा तरतरी आली.

"उद्या आवस," तो म्हणाला. "चांदच न्हाय, तर त्यो येनार कसा? येक दिस सुटका, सखू. तू बी पड जरा. पान्याला जाऊ नगं."

तिचे पाय उचलत नव्हते. तिनं ऐकलं.

आवसेच्या पहाटे ती विहिरीवर गेली नाही. घागरीच्या तळाशी उरलेल्या पाण्यातून हरणाबाईसाठी एक तांब्या भरून ठेवला. रांजण रिकामाच राहिला. धुळाप्पा आतल्या खोलीत घोरत होता. कित्येक दिवसांनी तो असा झोपला होता. त्याला उठवायचं तिच्या जिवावर आलं. ती तशीच कामावर गेली.

दुपारची सुट्टी झाली. पिराजी हजेरीचं बुक घेऊन तिच्याजवळून चालला होता. तिला बघून थांबला.

"काय सखूबाई, तुमचा चांद आता परवा दिसंल बघा."

"व्हय. आज न्हाईच न्हवं?"

"न्हाई कसा? हाय की."

तिचा हातोडा हातातच राहिला.

"आवसंला चांद कुठं जात न्हाय," पिराजी म्हणाला. "आज त्यो सूर्यासंगं उगवला आन सूर्यासंगंच मावळनार. दिवसभर आपल्या डोईवर हाय. उन्हापायी दिसत न्हाय, येवढंच."

सखूबाईनं वर बघितलं. आभाळ पांढरं फटक होतं. डोळे दिपले.

त्यात तो होता. सकाळपासून.

आणि घरी रांजण कोरडा होता.

ती उठली आणि पळत सुटली. बायका मागून ओरडत होत्या, "अगं पोटुशी बाई, पडशील!" तिला ऐकू येत नव्हतं. पायाखाली ढेकळं, डोक्यावर आग. पोटात मी लाथा मारत होतो, असं ती सांगते.

घर दिसलं. वाघुरीत मेंढरं उभी होती. पण आज त्यांची तोंडं दाराकडं नव्हती...

ओढ्याकडं होती.

घरात चूल पेटलेली. हरणाबाई भाकरी थापत होती. धुतलेलं लुगडं नेसून, केस विंचरून. चेहरा नुसता फुलला होता.

"सखू! ते आलते गं!"

सखूबाईनं दाराची चौकट धरली. "कोन?"

"कोन काय? तुझं थोरलं दीर! आत्ता गेले. धुळाभावजीस्नी घेऊन. ऱ्हायलेली मेंढरं आनायला. दिस मावळायच्या आत येतो म्हनाले."

"अक्का... ते काय बोलले?"

"पानी मागितलं. माझा तांब्या सकाळीच संपलेला, रांजनात थेंब न्हाय. म्हनलं, बसा, कुठनं तरी आनते. तर म्हनाले, नगं. धुळा दील."

हरणाबाई हसली आणि भाकरी तव्यावर टाकली.

सखूबाई आतल्या खोलीत गेली. अंथरूण रिकामं होतं. ती तशीच ओढ्याकडं धावली. धुळीत पावलं उमटली होती. धुळाप्पाच्या वहाणांचे खिळे तिच्या ओळखीचे होते.

पावलं एकाचीच होती.

पण खोल. टाचा रुतलेल्या. पाठीवर गडी माणूस घेऊन चालावं तशी.

ओढ्यापर्यंत पावलं सरळ गेली होती. पुढं खडक होता. खडकावर काहीच नव्हतं.

"अवंऽऽ" तिनं हाक मारली. पुन्हा मारली. दिवस मावळेपर्यंत मारत राहिली.

दिवस मावळला. कुणी आलं नाही.

गावानं आठ दिवस शोध घेतला. ओढा, विहिरी, तिकडं अक्कलकोटापर्यंत. चौकीत वर्दी दिली. काही लागलं नाही. मग पाऊस पडला, आणि ज्याचा तो पेरणीला लागला.

रांजणातलं पाणी त्या दिवसापासून कधी आपोआप कमी झालं नाही.

श्रावणात मी जन्मलो.

दोघी जावा एकाच घरात राहिल्या. हरणाबाईनं मला आईइतकंच वाढवलं. कपाळाचं कुंकू तिनं पुसलं नाही. "ते येनार हायत," म्हणायची. सखूबाई ऐकून घ्यायची. बाभळीखालची गोष्ट तिनं अकरा वर्षं पोटात ठेवली.

चौऱ्याऐंशी साली हरणाबाई अंथरुणाला खिळली. एका दुपारी तिनं सखूबाईला जवळ बोलावलं. घरात दोघीच होत्या. सखूबाईला वाटलं, आता तरी सांगून टाकावं. या माऊलीला फसवून किती दिवस ठेवायचं?

"अक्का, येक सांगायचं ऱ्हायलंय. थोरले त्या दिवशी जे आले, ते..."

"जित्ते न्हवते," हरणाबाई म्हणाली.

सखूबाई तिच्या अंथरुणाजवळ सरकली.

"मला दारातच कळलं. येवढ्या उन्हातनं आलेला माणूस, अंगाला घाम न्हाय. बोलत व्हते, पर छाती हलत न्हवती. तोंड उघडलं तर आत जीभ कसली... काळं लाकूड."

"मग तू..."

"म्या इचारलं, कुठं व्हता येवढे दिस? काय म्हनाले ठावं हाय? म्हनाले, धुळा पानी आनायला गेलाय. चांद वर यायच्या आत येतो म्हनला. चाळीस दिस झालं, अजून आला न्हाय."

हरणाबाईनं डोळे मिटले.

"ते आत जाईनात, सखू. उंबऱ्यातच हुभे. नुसतं आत बघत व्हते. भावजी झोपलेले. दिस मावळूस्तवर तसंच हुभे ऱ्हायले असते, आन गेले असते. म्या हूं का चूं केलं नसतं तर."

बाहेर कुठंतरी होला घुमत होता.

"म्या आत गेले. भावजीस्नी हलवून जागं केलं. म्हनलं, उठा. तुमचं पानी द्यायचं ऱ्हायलंय."

अकरा वर्षं हिच्या हातची भाकरी खाल्ली, हिच्या मांडीवर पोर दिलं, असं मनात येऊन सखूबाई तिच्याकडं बघत होती.

थोड्या वेळानं हरणाबाईनं ओठांवरून जीभ फिरवली.

"सखू... घोटभर पानी दे गं."

दिवस मावळायच्या आत ती गेली.

आईनं मला एवढंच सांगितलं. मी विचारलं, "मग तू तिला पाणी दिलंस?"

आई उठून आत गेली.

मी पुन्हा विचारलं नाही.

आता ती पंच्याहत्तरीच्या पुढं आहे. आम्ही गाव सोडून सोलापुरात राहतो. दुष्काळ नाही, नळाला पाणी आहे. सगळं ठीक आहे.

फक्त अलीकडं, महिन्यातून एखाद्या दिवशी, भर दुपारी आईच्या खोलीतून बोलण्याचा आवाज येतो.

दोन बायकांचा.

भांडण नाही. रडणं नाही. दोघी बायका निवांत बोलत बसाव्यात, तसं. मी दार ढकलतो तर आत आई एकटीच असते. माझ्याकडं बघून हसते.

त्या दिवशी तिथी कोणती असते, ते मी बघत नाही. बायकोनं एकदा कॅलेंडर हातात घेतलं होतं.

मी तिला म्हटलं, ठेव ते खाली.